खाणीतून वेंब्लीपर्यंत धावलेला न्यूकॅसलचा आपला जॅकी

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला न्यूकॅसल नावाचं शहर आहे. तिथली बोली लंडनच्या माणसालाही पटकन कळत नाही. या बोलीत आमचा किंवा आपला यासाठी एक छोटासा शब्द आहे, वॉर. घरातल्या धाकट्या भावाला, मुलाला, लाडक्या माणसाला हाक मारताना तो नावाआधी लावतात. एका फुटबॉलपटूला मात्र अख्ख्या शहराने हा शब्द लावला. त्याचं नाव जॅकी मिलबर्न. गावाच्या तोंडी तो वॉर जॅकी, म्हणजे मराठीत सांगायचं तर आपला जॅकी.

त्याला जाऊन आता तीन तपांहून अधिक काळ लोटला. त्याचा खेळ प्रत्यक्ष पाहिलेली माणसं थोडीच उरली आहेत. तरीही न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्क मैदानावरची मुख्य प्रेक्षकगॅलरी त्याच्याच नावाने ओळखली जाते. गोल तर अनेकांनी मारले. मग हाच एवढा आपला का झाला? त्यासाठी थोडं मागे, कोळशाच्या गावात जावं लागेल.

कोळशाचं गाव, फुटबॉलचं घराणं

न्यूकॅसलच्या उत्तरेला पंधरा मैलांवर ॲशिंग्टन आहे. एके काळी जगातलं सगळ्यात मोठं खाणगाव म्हणून ते ओळखलं जायचं. एकसारख्या विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा, मागे गल्ल्या आणि गावाभोवती कोळशाच्या खाणी. बाप खाणीत, काका खाणीत आणि शाळा सुटली की पोरगाही खाणीत, असा तिथला शिरस्ता. त्यातून सुटायची वाट जवळपास एकच होती, ती म्हणजे फुटबॉल.

याच गावात ११ मे १९२४ रोजी जॅकीचा जन्म झाला. पूर्ण नाव जॉन एडवर्ड थॉम्पसन मिलबर्न. नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून जे.ई.टी. होतं, म्हणजे जेट! पुढे त्याचा वेग बघून वर्तमानपत्रांना हे आयतंच सापडलं. पण नाव ठेवताना आईवडिलांच्या मनात असलं काही असणं शक्यच नव्हतं, तेव्हा जेट विमानं उडायलाही लागली नव्हती.

मिलबर्न घराण्यात फुटबॉल रक्तातच होता म्हणायला हरकत नाही. जॅकीची चुलत बहीण सिसी हिचे चार भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू होते. या सिसीने पुढे चार्लटन नावाच्या खाणकामगाराशी लग्न केलं. तिचे दोन मुलगे जॅक आणि बॉबी १९६६ साली इंग्लंडच्या विश्वविजेत्या संघात खेळले. म्हणजे बॉबी चार्लटनचा जॅकी हा चुलतमामा. लहानपणी बॉबीच्या डोळ्यांसमोर मोठा खेळाडू म्हणून हा मामाच होता.

जॅकी मात्र पोरवयात अगदी बुजरा होता. पायात वेग होता, शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत तो पुढे असायचा, पण स्वतःहून पुढे यायचा स्वभाव नव्हता. शाळा सुटल्यावर खाण नको म्हणून तो घर सोडून दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्किंगला एका बड्या घरी कोठीघरात पोऱ्या म्हणून कामाला गेला. तिथे काही त्याचं मन रमलं नाही. थोड्याच दिवसांत तो घरी परतला आणि शेवटी खाणीतच फिटरचं काम शिकू लागला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा कोळसा ही देशाची गरज होती. त्यामुळे खाणीतल्या कुशल पोरांना सैन्यात पाठवत नसत. जॅकी खाणीतच राहिला.

उसने बूट आणि सहा गोल

१९४३ साल. युद्ध ऐन भरात होतं. न्यूकॅसल युनायटेडचे निम्मे खेळाडू सैन्यात, म्हणून क्लबला नवी पोरं हवी होती. चाचणीची बातमी कळल्यावर एकोणीस वर्षांच्या जॅकीने अर्ज केला. चाचणीच्या दिवशी तो ॲशिंग्टनहून आला तो उसने घेतलेले बूट कागदात गुंडाळून, सोबत दुपारच्या खाण्याला एक पाय आणि सोड्याची बाटली. पाय म्हणजे मांसाचं सारण भरून भाजलेली पेस्ट्री, तिथल्या कामगारांचं रोजचं खाणं. मोठ्या मैदानावर खेळायला आलेल्या या पोराकडे बघून कुणालाही वाटलं नसतं की पुढची चौदा वर्षं हे मैदान याचंच असणार आहे.

पहिल्या चाचणीत त्याचं काम बरं झालं म्हणून त्याला पुन्हा बोलावलं. दुसऱ्या चाचणी सामन्यात त्याने एकट्या उत्तरार्धात सहा गोल मारले. क्लबचे सर्वेसर्वा स्टॅन सेमूर यांनी मग वेळ घालवला नाही, लगेच करार करून घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॅकी न्यूकॅसलच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीत उतरला.

पण यामुळे खाण सुटली असं नाही. युद्धकाळात खेळाडूला मिळणारे पैसे म्हणजे नावापुरतेच. आठवडाभर खाणीत काम, आणि शनिवारी दुपारी सामना. कधी सकाळची पाळी उरकून अंग धुवायचं आणि तसंच बसच्या रांगेत उभं राहायचं. त्याच रांगेत सामना बघायला निघालेले खाणकामगारही असायचे. म्हणजे ज्याच्या नावाने दुपारी गॅलरी ओरडणार, तो सकाळी त्यांच्याच शेजारी हातात पाना घेऊन काम करायचा. आपला जॅकी या दोन शब्दांचं मूळ इथे आहे.

नऊ नंबरची जर्सी

युद्ध संपलं. जानेवारी १९४६ मध्ये एफए कप पुन्हा सुरू झाला तेव्हा बार्न्सलीविरुद्ध जॅकीने दोन गोल मारले. त्या काळात तो मुख्यतः कडेने किंवा आतल्या बाजूने खेळायचा, मध्यभागी नाही. न्यूकॅसल तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. ५ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यूकॅसलने न्यूपोर्ट काउंटीला १३-० असं धुतलं. त्या दिवशी लेन शॅकलटनने पदार्पणातच सहा गोल मारले, चार्ली वेमनने चार, आणि जॅकीचे दोन.

पुढच्या वर्षी वेमन क्लब सोडून गेला आणि मध्यभागाची जागा रिकामी झाली. न्यूकॅसलमध्ये सेंटर फॉरवर्डची नऊ नंबरची जर्सी म्हणजे साधी गोष्ट नाही. १९२७ साली ज्याच्या नेतृत्वाखाली क्लबने लीग जिंकली तो ह्यूई गॅलॅकर याच जागेवर खेळून गेलेला. व्यवस्थापक जॉर्ज मार्टिन यांनी ती जागा जॅकीला द्यायचं ठरवलं तेव्हा जॅकीलाच धाकधूक होती. आपण कडेने पळणारा माणूस, मध्यभागी धिप्पाड बचावपटूंच्या गर्दीत आपलं काय होणार, असं त्याला वाटायचं. पण ऑक्टोबर १९४७ मध्ये बरीविरुद्ध त्या जागेवर खेळताना त्याने हॅट्‌ट्रिकच केली. मग ती जर्सी त्याचीच झाली.

त्याचा खेळ समजायला अवघड नव्हता. त्यामागचं तंत्र सांगायचं तर असं. त्या काळातला सेंटर फॉरवर्ड बहुतेक वेळा उंच, दणकट, उडी मारून डोक्याने गोल करणारा असायचा. समोरचा सेंटर हाफ त्याला अंगाला अंग लावून अडवायचा. जॅकी अंगाला अंग लागूच द्यायचा नाही. तो कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकायचा, बचावपटूला जागेवरून ओढून न्यायचा, आणि मागून पास आला की मोकळ्या जागेत सुसाट सुटायचा. पहिल्या दहा यार्डांतच अंतर पडायचं. त्यावर दोन्ही पायांनी जबरदस्त फटका. जड कातडी चेंडू, चिखलाने माखलेलं मैदान, आणि त्यातही पंचवीस-तीस यार्डांवरून जाळं हलायचं.

एक मात्र उणीव होती. डोक्याने खेळायला तो नाखूश असायचा. मानेच्या स्नायूंचं जुनं दुखणं त्याला छळायचं. पावसात भिजून दगडासारखा झालेला चेंडू डोक्यावर घेणं म्हणजे कळ मस्तकापर्यंत जायची. सेंटर फॉरवर्ड असून डोकं लावत नाही, अशी टीकाही त्याने ऐकली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

१९४७-४८ च्या हंगामात न्यूकॅसल वरच्या श्रेणीत गेला. दुसऱ्या श्रेणीतला संघ, पण घरच्या मैदानावर सरासरी छप्पन्न हजारांहून अधिक प्रेक्षक! युद्धातून बाहेर पडलेला देश, रेशनवर मिळणारं अन्न, खाणीतलं काळोखं काम. शनिवारची ती दोन तासांची दुपार हाच त्या लोकांचा सण होता. आणि त्या सणातला नायक त्यांच्यातलाच होता.

इंग्लंडची जर्सी

९ ऑक्टोबर १९४८ रोजी बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडविरुद्ध जॅकी पहिल्यांदा इंग्लंडकडून खेळला. इंग्लंड ६-२ जिंकलं आणि त्यातला एक गोल जॅकीचा होता. पुढच्या वर्षी कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक केली. १९५५ पर्यंत तो इंग्लंडकडून १३ सामने खेळला आणि त्यात १० गोल मारले. आकडा बघितला तर वाटतं, एवढ्यावरच का थांबला? कारण त्या काळात इंग्लंडकडे मॉर्टेन्सन, लॉफ्टहाऊस असे एकापेक्षा एक आघाडीवीर होते आणि निवड समितीचा लहरी कारभार होता.

१९५० च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात तो होता. याच स्पर्धेत भारतालाही जागा मिळाली होती आणि आपण गेलो नाही, ही हळहळ आपल्याकडे अजून निघते. इंग्लंड पहिल्यांदाच विश्वचषक खेळायला गेलं आणि अमेरिकेसारख्या नवख्या संघाकडून १-० ने हरलं. त्या सामन्यात जॅकीला बाहेर बसवलं होतं. नंतर स्पेनविरुद्ध त्याला उतरवलं. त्याने चेंडू जाळ्यात टाकलाही, पण ऑफसाइडच्या निर्णयाने तो गोल गेला. इंग्लंड पुन्हा १-० ने हरलं आणि घरी परतलं. विश्वचषकातला जॅकीचा तो एकमेव सामना.

वेंब्लीच्या तीन वाऱ्या

जॅकीचं नाव खऱ्या अर्थाने कोरलं गेलं ते एफए कपमध्ये. त्या काळी लीगपेक्षाही या कपचं वेड मोठं होतं. अंतिम सामना लंडनच्या वेंब्ली मैदानावर, एक लाख प्रेक्षकांसमोर, राजाच्या उपस्थितीत.

१९५१ च्या मोसमात जॅकीने कपच्या प्रत्येक फेरीत गोल मारला. अंतिम सामन्यात समोर ब्लॅकपूल, आणि ब्लॅकपूलकडे स्टॅन्ली मॅथ्यूज. सगळ्या देशाला वाटत होतं की छत्तिशीतल्या मॅथ्यूजच्या गळ्यात एकदाचं पदक पडावं. न्यूकॅसल सोडून बाकीचं सगळं इंग्लंड जणू ब्लॅकपूलच्या बाजूला होतं.

ब्लॅकपूलचा बचाव ऑफसाइडचा सापळा लावण्यात तरबेज होता. सगळे बचावपटू एका ओळीत पुढे सरकायचे आणि समोरचा आघाडीवीर मागे एकटा सापडायचा. अशा सापळ्यात शिरायचं तर पास सुटायच्या क्षणी ओळीच्या अलीकडे असावं लागतं आणि पुढच्याच क्षणी पलीकडे. म्हणजे जॅकीसारख्या पळणाऱ्याचंच काम. पन्नासाव्या मिनिटाला जॉर्ज रोब्लेडोने पास दिला, जॅकी ओळ फोडून एकटाच निघाला, गोलरक्षक जॉर्ज फार्मला चकवून चेंडू आत. पाचच मिनिटांनी दुसरा. छोट्या चणीच्या एर्नी टेलरने टाचेने चेंडू मागे सोडला आणि धावत आलेल्या जॅकीने पंचवीस यार्डांवरून डाव्या पायाने असा फटका मारला, की गोलरक्षक नुसता बघत राहिला. न्यूकॅसल २-० ने जिंकला. मॅथ्यूजला पदकासाठी आणखी दोन वर्षं थांबावं लागलं.

दुसरी वारी १९५२ ची. त्या मोसमात उपांत्यपूर्व फेरीत पोर्ट्‌समथच्या मैदानावर जॅकीने हॅट्‌ट्रिक करून सामना ४-२ ने काढला. अंतिम सामना आर्सेनलशी. बदली खेळाडू उतरवायची सोय तेव्हा नव्हती. आर्सेनलचा वॉली बार्न्स जखमी होऊन बाहेर गेला आणि त्यांची दहाच माणसं उरली. तरी ती शेवटपर्यंत झुंजली. सामना संपायला थोडी मिनिटं असताना रोब्लेडोने डोक्याने गोल केला. राजे सहावे जॉर्ज त्याच वर्षी वारले होते, म्हणून कप पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्या हस्ते दिला गेला. लागोपाठ दोन वर्षं कप जिंकणारा विसाव्या शतकातला हा पहिलाच संघ. या गोलचं चित्र लिव्हरपूलच्या एका अकरा वर्षांच्या शाळकरी पोराने काढलं होतं, त्यात नऊ नंबरची जर्सी घातलेला जॅकीही आहे. ते पोरगं पुढे गाण्यात नाव काढून गेलं, जॉन लेनन. १९७४ साली आपल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याने तेच चित्र छापलं.

तिसरी वारी १९५५ ची. आता जॅकी तिशी ओलांडलेला. वेग थोडा उतरलेला, नऊ नंबरची जर्सी विक कीबलकडे गेलेली. जॅकी आठ नंबर घालून उतरला. समोर मँचेस्टर सिटी, गोलमध्ये बर्ट ट्राउटमन. हा एके काळचा जर्मन सैनिक, युद्धकैदी म्हणून इंग्लंडला आला आणि तिथेच राहिला.

सामना सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला न्यूकॅसलला कॉर्नर मिळाला. सिटीच्या बचावाचं लक्ष हेडर मारण्यात पटाईत असलेल्या कीबलवर. जॅकी डोकं लावत नाही हे तर साऱ्या देशाला ठाऊक! त्याच्याजवळ कुणीच उरलं नाही. लेन व्हाइटचा कॉर्नर नेमका त्याच्याकडे आला आणि जॅकीने मान दुखते की नाही याचा विचार न करता डोकं लावलं. चेंडू जाळ्यात. सामना सुरू होऊन फक्त ४५ सेकंद झाले होते. वेंब्लीवरच्या कप फायनलमधला हा सर्वांत जलद गोल ठरला, आणि तो विक्रम १९९७ पर्यंत म्हणजे बेचाळीस वर्षं टिकला. मग चेल्सीच्या दि मातेओने तो मोडला. सारी उमर पायांनी गोल मारले, आणि विक्रमाचा गोल झाला तो दुखऱ्या मानेने.

सिटीचा जिमी मेडोज पुढे जखमी होऊन बाहेर गेला. न्यूकॅसलने सामना ३-१ ने जिंकला. पाच वर्षांत तिसरा कप.

पगाराची मर्यादा

आता कुणी म्हणेल, एवढा मोठा खेळाडू, बक्कळ पैसा कमावला असेल. तसं काही नव्हतं. इंग्लंडमध्ये तेव्हा फुटबॉलपटूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. १९५१ साली ती आठवड्याला १४ पौंड होती. लाखभर लोक तिकीट काढून बघायला येवोत की कितीही गोल मारोत, त्यापेक्षा एक पेनीही जास्त देता येत नसे. शिवाय क्लबने परवानगी दिल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता यायचं नाही. म्हणजे चांगल्या कुशल कामगाराच्या आसपास पगार, आणि पाय थकले की तोही बंद. ही मर्यादा उठली १९६१ साली, जॅकीने इंग्लिश लीग सोडल्यानंतर.

याचा एक परिणाम असा झाला की खेळाडू आणि प्रेक्षक एकाच गल्लीत राहिले, एकाच बसने फिरले. आपलेपणा टिकला खरा. पण त्याची किंमत खेळाडूंनी मोजली, हेही विसरून चालणार नाही.

१९५७ च्या उन्हाळ्यात जॅकीने न्यूकॅसल सोडलं. लीगमध्ये १७७ आणि कपमध्ये २३, असे बरोबर २०० गोल त्याच्या नावावर होते, तेही ३९७ सामन्यांत. युद्धकाळातले गोल यात धरलेले नाहीत. बेलफास्टच्या लिनफील्ड क्लबने त्याला खेळाडू-प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं. तिथे इंग्लंडची पगारमर्यादा लागू नव्हती, त्यामुळे पैसेही बरे मिळाले. तेहतीस वर्षांचा जॅकी तिथे गोलांचा पाऊस पाडत राहिला. लिनफील्डने त्याच्या काळात लीग आणि आयरिश कप दोन्ही जिंकले, आणि तो युरोपियन कपमध्येही खेळून आला.

न जमलेलं काम

१९६० मध्ये तो इंग्लंडला परतला. लंडनजवळच्या यूझली या छोट्या क्लबमध्ये त्याने खेळाडू-व्यवस्थापक म्हणून काम केलं. मग १९६३ साली मोठी संधी चालून आली. इप्सविच टाउनचे व्यवस्थापक आल्फ रॅम्सी इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडे गेले आणि त्यांच्या जागी जॅकीला नेमलं गेलं.

वरून बघता हे सोन्याचं ताट होतं. इप्सविच १९६२ चा लीग विजेता! पण तो संघ वयाने थकला होता आणि ज्या डावपेचांवर त्याने लीग जिंकली ते सगळ्यांना कळून चुकले होते. १९६३ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी फुलहॅमने इप्सविचला १०-१ ने हरवलं. त्या मोसमात संघाने तब्बल १२१ गोल खाल्ले, तळाला गेला आणि खालच्या श्रेणीत घसरला. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीलाच जॅकीने राजीनामा दिला.

दोष सगळा त्याचा नव्हता. पण खरं सांगायचं तर व्यवस्थापकाला लागणारा कडकपणा त्याच्यात नव्हता. जुन्या खेळाडूला बाजूला करायचं, नव्याला झापायचं, संचालकांशी भांडायचं, हे त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. जो भिडस्तपणा लोकांना आवडायचा तोच इथे आडवा आला. चांगला खेळाडू म्हणजे चांगला व्यवस्थापक नव्हे, हे जॅकीच्या बाबतीत फार लवकर आणि फार कडू पद्धतीने सिद्ध झालं.

कुणी येईल का?

जॅकी परत आपल्या मुलखात आला आणि न्यूज ऑफ द वर्ल्ड या रविवारच्या वर्तमानपत्रासाठी फुटबॉलवर लिहू लागला. वीस वर्षांहून अधिक काळ त्याने ते काम केलं. पूर्वी ज्या मैदानात पळायचा, त्याच मैदानाच्या पत्रकार कक्षात आता वही-पेन घेऊन बसायचा.

क्लबमध्ये एवढी वर्षं घालवूनही त्याचा सत्कार सामना झाला नव्हता. इंग्लंडमध्ये जुन्या खेळाडूसाठी असा सामना भरवतात आणि तिकिटाचे पैसे त्याला देतात. पगारमर्यादेच्या काळातल्या खेळाडूची म्हातारपणाची पुंजी म्हणजे तीच. अखेर १९६७ साली, क्लब सोडून दहा वर्षं झाल्यावर, तो सामना ठरला.

जॅकीला धास्ती वेगळीच. दहा वर्षांत एक पिढी बदलली, आता आपल्याला कोण ओळखतंय? रिकाम्या गॅलऱ्यांपुढे आपली शोभा होईल, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण सामन्याच्या दिवशी सेंट जेम्स पार्कवर ४५ हजारांवर माणसं आली. विश्वविजेते झालेले दोन्ही चार्लटन भाऊ मामासाठी आले. हंगेरीचा महान फेरेंक पुश्काशही आला. आणि बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा जॅकी पुन्हा एकदा काळ्या-पांढऱ्या जर्सीत मैदानात उतरला. ज्याला आपलं म्हटलं, त्याला त्या गावाने विसरलं नव्हतं.

१९८० च्या सुमारास न्यूकॅसल शहराने त्याला आपलं मानाचं नागरिकत्व दिलं. खाणीतल्या फिटरला महापालिकेचा तो मान मिळाला याचं अप्रूप ॲशिंग्टनला जास्त होतं.

शेवटची फेरी

जॅकी आयुष्यभर भरपूर सिगारेट ओढायचा. त्या पिढीला त्यात वावगं काही वाटत नसे, खेळाडूही सर्रास ओढायचे. शेवटी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याला गाठलं. ९ ऑक्टोबर १९८८ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तो ॲशिंग्टनमध्ये गेला. चाळीस वर्षांपूर्वी नेमक्या याच तारखेला त्याने बेलफास्टमध्ये इंग्लंडची जर्सी पहिल्यांदा घातली होती.

न्यूकॅसलच्या सेंट निकोलस कॅथेड्रलमध्ये त्याला निरोप दिला गेला. अंत्ययात्रेच्या वाटेवर दुतर्फा हजारो लोक उभे होते. त्यातल्या कित्येकांनी त्याला कधी खेळताना पाहिलंही नव्हतं, फक्त बापाच्या, आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. त्याची रक्षा सेंट जेम्स पार्कवर विसर्जित करण्यात आली. पुढे न्यूकॅसलमध्ये आणि ॲशिंग्टनमध्ये त्याचे पुतळे उभे राहिले.

त्याच्या दोनशे गोलांचा विक्रम जवळजवळ अर्धं शतक टिकला. फेब्रुवारी २००६ मध्ये ॲलन शीररने तो मोडला. शीररही न्यूकॅसलचाच, नऊ नंबर घालणारा आणि घरचाच पोरगा. विक्रम मोडला तरी घरातच राहिला, असं तिथल्या लोकांनी समाधान मानलं.

१९५५ च्या त्या कपनंतर न्यूकॅसलला देशातली एकही मोठी स्पर्धा जिंकता येईना. १९६९ साली युरोपातला एक चषक आला तेवढाच. पिढ्या आल्या, गेल्या, आणि जॅकीचे ते तीन कप आजोबांच्या गोष्टींतच राहिले. अखेर १६ मार्च २०२५ रोजी वेंब्लीवर लिव्हरपूलला २-१ ने हरवून न्यूकॅसलने लीग कप जिंकला. सत्तर वर्षांनी! त्या सामन्यातला पहिला गोल कसा झाला ठाऊक आहे? कॉर्नरवर, डोक्याने. आणि तो मारणारा डॅन बर्न हा ॲशिंग्टनपासून काही मैलांवरच्या ब्लाइथचा, म्हणजे त्याच कोळशाच्या पट्ट्यातला पोरगा.

खाणी आता बंद झाल्या. ॲशिंग्टनच्या वूडहॉर्न खाणीचं संग्रहालय झालं. पगारमर्यादा गेली आणि खेळाडू आता कोट्यवधींत कमावतात. बसच्या रांगेत उभा राहणारा सेंटर फॉरवर्ड पुन्हा दिसणार नाही, आणि दिसावा अशी अपेक्षाही करू नये. पण एखाद्या गावाने कुणाला आपला म्हणावं, यासाठी नुसते गोल पुरत नाहीत. तो माणूस आपल्यासारखाच जगला आणि मोठा झाल्यावरही बदलला नाही, हे लोकांना दिसावं लागतं. जॅकी मिलबर्नच्या बाबतीत ते त्यांना रोजच्या रोज दिसलं. म्हणून तो अजूनही वॉर जॅकी आहे.